मागची सीट

"माणूस एकटाच येतो आणि एकटाच जातो!" बायकोने जाहीर केलं आणि हात असा काही फिरवला, की कप कलंडून नकाशावरचा उत्तरेकडचा सगळा बर्फाळ मुलूख गरम चहाखाली गेला.

निवृत्तीनंतर ती मोटरसायकलवरून एकटीच उत्तरेला निघणार होती, थेट रस्ता संपतो तिथपर्यंत. नवऱ्याला साधी सायकलही धड येत नसे, त्यामुळे त्याचं मत कुणी विचारलं नव्हतं.

"मागची सीट काढून टाकते," ती म्हणाली. "तिथे पेट्रोलचा कॅन बसेल."

"बसू दे. तो निदान माझ्यासारखा वळणावळणावर ओरडणार नाही."

तिला हसू आलं. मग आवाज जरा खाली आला. "अहो, दोन महिने राहाल ना नीट?"

"न राहून सांगतो कुणाला?" तो बाहीने नकाशा टिपत बसला. बराच वेळ टिपला. शेवटी म्हणाला, "एवढं कर. जाता जाता मला जरा वाटेत सोड."

"कुठे सोडू?"

त्याने ओल्या डागाच्या अगदी वरच्या टोकावर बोट ठेवलं.

"रस्ता संपतो ना, तिथे. पुढे मी जाईन चालत."