उलट्या बाह्या

दुकानाच्या पेजवरच्या प्रत्येक फोटोला पाच हजार लाइक पडतील अशी सोय शिंप्याच्या मुलीने पैसे भरून केली. शिंप्याने विचारलं, "यातल्या कितींनी कपडा खरंच बघितला?"

"ते मोजता येत नाही, बाबा."

ज्याचं माप घेता येत नाही असं काही असतं, हे शिंप्याला मान्य नव्हतं. त्याने नव्या कोटाची डावी बाही उजवीकडे आणि उजवी डावीकडे जोडली, कोट पुतळ्यावर चढवला आणि फोटो टाकला.

संध्याकाळपर्यंत पाच हजार एकतीस लाइक आले. कित्येकांनी 'अप्रतिम' लिहिलं. त्यात जुनी गिऱ्हाइकं होती आणि खुद्द त्याची बायकोही होती.

दुकान बंद करता करता आणखी एक कमेंट आली. नाव नाही, फोटोच्या जागी नुसती कात्री. "बाह्यांची अदलाबदल झालीय."

शिंप्याने उत्तर दिलं, "मुद्दाम केलीय."

लगेच पुढचं आलं. "लहानपणीही चुकलास की हेच सांगायचास, दादा."

शिंप्याने मान वर केली. रस्त्यापलीकडच्या दुकानात त्याचा धाकटा भाऊ मशीन थांबवून फोनकडे बघत बसला होता. वाटणी झाल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षं, दोघांत बोलणं नव्हतं.

"मग, खरे किती निघाले?" मुलीने विचारलं.

"एकच," बाही उसवत शिंपी म्हणाला. "तुझा काका."