खालची कडी

पॅरॅलिसिसनंतर अप्पांना बाथरूमचं दार नुसतं लोटून घ्यावं लागे. व्हीलचेअरवरून कडीपर्यंत हातच पोचत नव्हता. बाहेर माणसं असली की मेल्याहून मेल्यासारखं होई.

आज लेक माहेरी आली ती स्क्रूड्रायव्हर घेऊनच. दारावर खाली, रंगाने बुजलेली चार जुनी भोकं तिने टोकरली आणि तिथे नवी कडी बसवली.

“आत अडकून बसतील गं!” आई ओरडली.

“मी पाच वर्षांची असतानाही तू हेच म्हणालीस,” लेक हसली. “तरी अप्पांनी माझ्यासाठी इथेच कडी लावली. मी अडकले, तेव्हा दार न फोडता बाहेर बसून उघडायला शिकवलं.”

अप्पा आत गेले. कडी सरकली. लेक दाराबाहेर पाट मांडून बसली.

“सुखी राहा, पोरी,” आतून अप्पा म्हणाले. “आणि आता जा बघू इथून!”