स्वयंपाकघर हजर

"हे 'स्वयंपाकघर' कोण?" तपासनीस बाईंनी विचारलं.

गणिताच्या मास्तरांनी स्क्रीनकडे पाहिलं. एकतीस मुलं, ते स्वतः, बाई, आणि एक काळा चौकोन.

"हजेरीपटावर नाही," मास्तर म्हणाले.

स्वयंपाकघर म्हणजे मास्तरांच्या बायकोचा फोन. ऑनलाइन वर्ग सुरू झाले, तेव्हा माउस कुठल्या तोंडानं धरायचा इथपासून मास्तरांची बोंब होती. बायकोनं त्यांना एकेक बटण शिकवलं. मग रोज ती आपल्या फोनवरून वर्गात शिरून ओट्याशी उभी राहायची. मास्तर विचारायचे, आवाज येतोय का. स्वतःचा माइक बंद करायला ती हटकून विसरायची, त्यामुळे उत्तर अख्ख्या वर्गाला ऐकू जायचं: येतोय हो, हळू बोला, माझ्या शिट्ट्या चुकतात. कुकरच्या. गणितवाल्याच्या बायकोला पाचापर्यंत मोजता येत नाही, यावर मुलं महिनाभर हसली होती.

ती जाऊन सात आठवडे झाले. मास्तरांना आता सगळं येत होतं. गट पाडणं, चाचणी लावणं, स्क्रीनवर वर्तुळ काढणं. रडून घ्या, मोकळं वाटेल, असं सगळे म्हणाले होते. मास्तरांनी वाट पाहिली. आत नुसतं लोडिंगचं चाक फिरत राहिलं. रोज दहाला पाच कमी असताना ते तिचा फोन वर्गात जोडत, साखरेच्या डब्याला टेकवत, आपल्या खोलीत येत आणि 'प्रवेश द्या' दाबत.

"पटावर नसलेलं कुणी चालत नाही, सर. काढा, नाहीतर वर्ग दुसऱ्यांकडे द्यावा लागेल." बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या फॉर्मवर तसा रकाना होता.

काढायला दोन क्लिक लागतात. मास्तरांना ते येत होतं, हीच पंचाईत होती. त्यांनी एक केलं. खरंच काढायचं का, असं स्क्रीननं विचारलं.

तेवढ्यात हजेरी क्रमांक चारचं नाव बदललं. स्वयंपाकघर. मग एकोणिसाचं. मग भराभर सगळ्यांचं. नावाआधी क्रमांक टाकायचा म्हणून नाव बदलायला मास्तरांनीच पहिल्या तासाला शिकवलं होतं. कॅमेरे बंद झाले. मिनिटाभरात वर्गात बत्तीस स्वयंपाकघरं होती.

"यातलं कुठलं काढायचं?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी 'नको' दाबलं. मग रोजचंच म्हणाले, "आवाज येतोय का?"

"येतोय हो," एकतीस स्वयंपाकघरं म्हणाली. "हळू बोला, माझ्या शिट्ट्या चुकतात."

बाईंनी रकान्यात लिहिलं: हजर, बत्तीस.

मास्तरांनी घाईघाईनं आपला कॅमेरा बंद केला. माइक बंद करायला मात्र विसरले.