दुसरा धडा

भार्गवीचं हे आठवड्यातलं चौथं विद्यापीठ. विद्यापीठांची क्रमवारी तासातासाला बदलायची आणि एखाद्याचा क्रमांक घसरला की यंत्रणा तिथल्या विद्यार्थ्यांना लगेच वरच्या विद्यापीठात हलवायची. बाबा दर वेळी पेढे वाटत. भार्गवीला मात्र भूकंपशास्त्राचा पहिला धडा तोंडपाठ झाला होता. दुसरा तिने कुठेच ऐकला नव्हता.

प्राध्यापक दिघे चक्क पेढ्यांचा पुडा घेऊन वर्गात शिरले.

"घसरलो का सर? सॅक भरू?" भार्गवी उठलीच.

"अगं, बस खाली! यादीतूनच काढलं आपल्याला. क्रमांकच नाही, तर घसरणार काय? यंत्रणा आता आपल्याला ओळखतसुद्धा नाही."

भार्गवीने हुश्श करून दोन पेढे उचलले.

"मग सर, दुसरा धडा?"

"काढा पुस्तकं," म्हणत सर चष्मा पुसू लागले. "फक्त सांभाळून घ्या हं. मीही तो पहिल्यांदाच शिकवतोय."