खालचा पत्रा

लेकीला दूरच्या शहरात नोकरी लागली. घरातली जुनी गाडी घेऊन ती निघणार होती, पण बाबांनी मोडता घातला. "खालचा पत्रा गंजलाय. मी घरीच वेल्डिंग करून देतो, मग जा."

रुजू व्हायला अजून अवकाश होता, तरी खोली लावायची म्हणून लेकीची घाई चालली होती. इकडे बाबा गाडीखाली आडवे. कुजलेला भाग ग्राइंडरने कापायचा, तिथे नवा तुकडा बसवून वेल्डिंग मारायचं. एक भोक बुजलं की खालून आवाज यायचा, "इथेही गेलाय गं."

"आई, हे कधी संपणार? तूच बघ जरा," लेक वैतागून म्हणाली.

आई गाडीपाशी गेली. बाबांनी नुकताच कापलेला तुकडा जमिनीवर पडला होता. गरम होता म्हणून तिने तो फडक्याने उचलला आणि उलटसुलट करून पाहिला. गंजाचा एक ठिपकाही नव्हता. गाडीखालचा ग्राइंडर थांबला.

आईने तो तुकडा भंगाराच्या ढिगात तळाशी सारला आणि ती घरात आली.



"चार दिवस तरी लागतील बाई," ती लेकीला म्हणाली. "पत्रा फारच गेलाय."