ओजसचं बोरन्हाण

हेमांगीने बोरन्हाणासाठी ओजसचा काळा कुर्ता कपाटातून काढला. तो आखूड होण्याची भीती नव्हतीच. आई कामावर असेल तेवढा वेळ पाळणाघरात मुलांना पेटीत निजवून त्यांचं वाढणंच थांबवून ठेवत. एक दातसुद्धा तुमच्या नकळत येणार नाही, असं ते सांगायचे. आणि ते खोटं नव्हतं.

आधी ती त्याला रोज संध्याकाळी उठवायची. मग प्रमोशन मिळालं. दमलेली, चिडलेली आई लेकराच्या वाट्याला कशाला, म्हणून ती शनिवार-रविवारवर आली, मग दिवाळीवर. शेवटी परदेशातलं काम आलं. मुलाचं काय करणार, हे ऑफिसात तिलाच विचारलं. त्याच्या बापाला कुणी विचारलं नाही. ओजसच्याच दिवशी जन्मलेली शेजारची मुलगी आता कॉलेजात जात होती.

ती परदेशी निघाली त्या दिवशी पेटीचं झाकण लागत असताना ओजस रडत म्हणाला होता, "आई, थांब ना, मला तुला..." पुढे काय, हे हेमांगीला इतकी वर्षं छळत होतं.

आज पाळणाघरातल्या ताईंनी झाकण उघडलं. त्याच्या गालावरचा थेंब अजून ओलाच होता.

"...पापा द्यायचाय," ओजस म्हणाला, आणि समोरच्या पिकल्या केसांच्या बाईला चुकवून त्याने दाराकडे पाहिलं.

"काकू, माझी आई गेली?"

हेमांगीच्या हातात हलव्याचा मुकुट तसाच राहिला.

"हो रे राजा," ती म्हणाली. "आत्ताच गेली."