वरचं पाणी

रक्ताचं नातं कुणालाही तोडता येत नाही, असं थोरल्याचं ठाम मत होतं. म्हणूनच धाकट्याशी नऊ वर्षं न बोलताही तो निर्धास्त होता. सांडपाण्याचा पाईप मात्र फुटला होता, आणि त्याला कुणाच्या मताची पर्वा नव्हती.

भांडण गच्चीच्या किल्लीवरून झालं होतं. मग वाटणी झाली. खालचा मजला आणि पुढचं अंगण थोरल्याला, वरचा मजला आणि मागचं अंगण धाकट्याला. थोरल्याने त्याच आठवड्यात मागच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या विटा घालून बुजवल्या. वाटणीत न बसलेली एकच गोष्ट उरली : वरून थोरल्याच्या न्हाणीघरातून खाली जमिनीत जाणारा वडिलांच्या वेळचा बिडाचा पाईप.

"वरच्यांचं पाणी आपल्या भिंतीत मुरतंय," असं तो बायकोला अधूनमधून ऐकवायचा. त्यात तक्रार होती, तसा थोडा आधारही होता. भाऊ येत नसला तरी त्याचं पाणी येत होतं. आज ना उद्या धाकटा आपणहून खाली येईल, काहीतरी बोलेल, आणि मग आपण मोठ्या मनाने सगळं सांभाळून घेऊ, असा त्याचा बेत होता. फक्त पहिला शब्द धाकट्याचा हवा.

प्लंबरने पाइपावर टिचकी मारली आणि वाकून पाहिलं. "फट तुमच्या न्हाणीच्या जोडाखाली आहे, काका."

"म्हणजे वरचं पाणी तिथवर येऊन बाहेर पडतं."

प्लंबरने मान वर करून वरच्या बिडाकडे पाहिलं. "खालचा तुकडा काढून प्लास्टिकचा टाकू. वरच्या बिडाच्या तोंडाला झाकण लावून देतो. काम सोपं होईल."

"झाकण? माझ्या भावाच्या घरात पाणी तुंबवतोस काय? जोड दे. चांगल्यातला दे."

"जोड तर जोड." लोकांच्या घरात पाईप घालावेत, नाक घालू नये, हा प्लंबरचा धंद्याचा नियम होता.

"आणि वर जाऊन सांगून ये. काम होईपर्यंत पाणी टाकू नका म्हणावं."

"मी सांगू?"

"मग काय मी सांगू?"

प्लंबर वर जाऊन आला. "खुशाल करा म्हणाले."

"खुशाल म्हणाला? आणखी काय म्हणाला?"

"तुमच्या गुडघ्याचं विचारत होते."

थोरल्याने अर्थपूर्ण नजरेने बायकोकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती.

"गुडघेवाल्याला गच्ची कशाला हवी होती, असं विचारलं असेल," ती म्हणाली.

काम सुरू झालं. खालचा आधार गेला की बिडाचं सगळं वजन खाली येतं, म्हणून प्लंबरने वरचा भाग आधी पट्टीने भिंतीला जखडला. मग ग्राइंडर लावला. न्हाणीघरभर काळी धूळ झाली. कापलेली कड त्याने कानशीने घासून गुळगुळीत केली.

"बिडाला प्लास्टिक नुसतं चिकटवून भागत नाही, काका. दोघांची जाडी वेगळी. मधे रबर लागतं." त्याने एक जाड रबरी बाही काढली. एक तोंड रुंद, एक अरुंद. दोन्ही तोंडांवर स्टीलच्या पट्ट्या चढवून तो त्यांचे स्क्रू आळीपाळीने पिळू लागला. "फार आवळलं तर रबर फाटतं. सैल सोडलं तर गळतं."

थोरल्याला यात काहीतरी खोल अर्थ दिसला. तो त्याने स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितला. तिने मिक्सर लावला.

पण त्याचं खरं लक्ष दुसरीकडेच होतं. तीन तास वरच्या पाइपाचं तोंड सताड उघडं होतं आणि एक थेंब पडला नव्हता. वर पाच माणसं. सुट्टीचा दिवस. अंघोळी, धुणी, भांडी, सगळं अडलेलं. कुणासाठी?

"एक थेंब नाही," तो बायकोला म्हणाला. "बघ. याला म्हणतात भाऊ."

निघताना प्लंबर म्हणाला, "प्लास्टिक आवाज करतं हां, काका. बिडासारखं मुकं नसतं."

"करू दे."

थोरल्याने न्हाणीघराच्या दाराशी खुर्ची ओढली आणि वरचं पहिलं पाणी ऐकायला बसला. एक वाजला. दोन वाजले. पाईप गप्प. अडीचच्या सुमारास त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. काम झालं हे वर कुणी सांगितलंच नव्हतं. बिचारे अजून थांबले होते.

प्लंबर फोन उचलेना.

"तू जाऊन सांगून ये ना," तो बायकोला म्हणाला.

"मलाही गुडघे आहेत."

"अगं, लहान मुलं आहेत वर. किती वेळ अडवून ठेवायचं?"

"मग जा की. पाय तुमचे, भाऊ तुमचा."

तो बराच वेळ खुर्चीत बसून राहिला. मग उठला, धुतलेला सदरा घातला, केसांवरून कंगवा फिरवला आणि कठडा धरून एकेक पायरी चढू लागला. पहिला शब्द आपला जाणार, हे त्याला कळत होतं. अर्ध्या जिन्यात त्याला त्याचं वाईट वाटेनासं झालं. भावाने एवढं केलं, आपण एक शब्द नाही खर्चू शकत?

दार धाकट्यानेच उघडलं. केस पांढरे झाले होते. नुकतीच अंघोळ झालेली दिसत होती. आत कुठेतरी वॉशिंग मशीन घरघरत होतं.

"काम झालं," थोरला म्हणाला. "आता खुशाल पाणी टाका. माझ्यापायी सकाळपासून खोळंबलात सगळे. मी हे विसरणार नाही."

"आम्ही कशाला खोळंबू, दादा? आमचं पाणी मागच्या अंगणातून जातं. चार वर्षांपूर्वीच वेगळा पाईप टाकला. हाच प्लंबर होता."